कातळवाडीची बिगरी

१८ नोव्हेंबर १९३१, बुधवार

पानावर बसण्याआधी लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल. वन्संनी दोनदा हाक मारली आहे. या घरात आम्ही दोघीच — त्यांचाही संसार अर्ध्यात संपला, माझाही. मी कुठे जाते नि कधी येते यावर त्यांचं लक्ष असतं, आणि ते बरंच आहे. नाहीतर कुणाचं असणार?

दिवाळीनंतरचं नवं काम आजपासून सुरू. मुलींच्या शाळेचं हेडबाईपण आहेच. त्यात आता खाडीपलीकडच्या शाळांतल्या बिगऱ्या माझ्याकडे आल्या. दर बुधवारी जायचं आणि अगदी लहानांना शिकवणाऱ्यांना मार्गदर्शन करायचं. मार्गदर्शन! ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला बिगरीवर बसवतात. वर्षाकाठी एक साहेब येतो, शेरा मारतो आणि जेवून जातो. आजवरचं मार्गदर्शन ते एवढंच.

पहिली पाळी कातळवाडीची. खाडी ओलांडून तरीतून उतरलं की चढण, वर सगळा कातळ, आणि कातळाच्या कडेला शाळा. कौलारू घर, पुढे पडवी, भोवती चिऱ्यांचा गडगा. हेडमास्तर हरिश्चंद्र मास्तर पन्नाशीचे, सज्जन, थंडीतही घाम पुसणारे. बिगरीवर गुणवंती म्हणून मुलगी आहे. विशीची असेल. माहेर राजापूर, बाप तिथल्या शाळेत शिपाई, म्हणून फायनलपर्यंत शिकली. नवरा बोटीवर खलाशी होऊन गेला तो परतला नाही. ही सासूजवळ राहते. सासू मासळी विकते, ही अक्षरं शिकवते.

मी दारात दिसले तशी तिच्या हातातली छडी खाली पडली. पोरं रांगांनी बसून बेंबीच्या देठापासून ओरडत होती. तिचा आवाज पार बसलेला. माझ्यासाठी खुर्ची आणायला धावली, तोवर मी पोरांच्या मागे जमिनीवर बसले. वहीबिही काढली नाही.

एक लहानगा आईसाठी रडत होता. तिने शिकवणं थांबवलं नाही, त्याला दटावलंही नाही. पदराचं टोक त्याच्या मुठीत दिलं आणि दुसऱ्या हाताने फळ्यावर लिहीत राहिली. तो पदर धरून तिच्या मागे मागे फिरला. थोड्या वेळाने रडायचं विसरला.

शाळा सुटल्यावर मान खाली घालून माझ्यासमोर उभी राहिली. शेऱ्याची वाट बघत. मी म्हटलं, "रडणाऱ्या पोराच्या हातात पदर दिलास ना, ते फार चांगलं केलंस. मला नसतं सुचलं." तिचे डोळे भरले. म्हणाली, "आणि शेरा, बाई?" म्हटलं, हाच शेरा.

पोरांसमोर मी तिला गुणवंतीबाई म्हणते, अहोजाहो करते. मुद्दाम. मी जिला मान देईन तिला पोरं देतील.

पडवीत, उंबऱ्याबाहेर, एक पोर वेगळी बसली होती. महारवाडीतली, चिमा नाव. अक्षरं सगळ्यांत खणखणीत तीच म्हणत होती.

घरी आले तर वन्संनी पाणी तापवून ठेवलेलं. "सतरा घरच्या पोरांत बसून आलीस, आधी डोक्यावरून घे." घेतलं.


१९ नोव्हेंबर

ओरडली पोरं आणि घसा दुखतो माझा!


२५ नोव्हेंबर, बुधवार

आज छान फजीत पावले.

थोडी घमेंड होतीच. म्हटलं, नुसतं सांगून काय होणार, एक तास वर्ग घेऊन दाखवू. पुण्याच्या कॉलेजात शिकलेलं गाणं काढलं — राजकन्या, तिची बाग, बागेतले गुलाब. हातवाऱ्यांसकट म्हटलं. पोरं अगदी गप्प. मला वाटलं, रमली. गाणं संपल्यावर पुढची एक पोर म्हणाली, "बाय, तुमचा दात हालतो."

मग काय! सगळी हसत सुटली. एकजण माझी छत्री उघडून तिच्यात जाऊन बसला. दोघं पडवी ओलांडून पळाले. मी टाळ्या वाजवते, गप्प बसा म्हणते, कोण ऐकतो? दारात गुणवंती तोंडाला पदर लावून उभी, खांदे हलत होते. मला वाटलं रडते. हसत होती! मग मलाही हसू आवरेना.

शेवटी तीच पुढे झाली. मोठ्याने म्हणाली, "होडी सुटली रे." बस्स. पोरं धावत येऊन एकामागे एक बसली आणि वल्ही मारायला लागली. प्रत्येक वल्ह्याला एक आकडा. दहावर बंदर आलं. मग उलटे आकडे, दहावरून एकावर, कारण होडी घरी परत यायला हवी. पळालेले दोघे कधी येऊन बसले कळलंसुद्धा नाही. पडवीतली चिमाही वल्हवत होती, एकटीच, तिकडच्या तिकडे.

नंतर विचारलं, हे कुठे शिकलीस? कुठे नाही, म्हणाली, पोरांचा खेळच आहे. मग रोज का नाही घेत? "ते शिकवणं कुठे, बाई? साहेब आले तर काय म्हणतील?" मी म्हटलं, साहेब आले तर मी आहे.

बोलून तर बसले. आता निभावलं पाहिजे.

छडी आज कोपऱ्यात होती. मी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आपोआप जाईल. मी काढायला लावली तर माझी पाठ फिरल्यावर परत येईल.


२ डिसेंबर, बुधवार

आज तिने स्वतःहून अडचण सांगितली. हे मोठं लक्षण. दोन आठवड्यांपूर्वी ती मला भीत होती.

अडचण अशी की मागच्या रांगेतली पोरं ऐकत नाहीत, चिमटे काढतात. मी म्हटलं, रांग आहे तोवर मागचा मागेच राहणार, त्याला तुझं तोंडही दिसत नाही. रांगा मोड. गोल कर, तूही गोलातच बस. मधे शिंपले, चिंचोके, करवंट्या ठेव, हाताने मोजू देत. सगळी तुला दिसतील, तू सगळ्यांना दिसशील.

"सगळ्यांना गोलात घ्यायचं, बाई?"

"अर्थात. सगळ्यांना."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. काही बोलणार होती वाटतं. तेवढ्यात तरीवाल्याने खालून हाक मारली आणि मी निघाले.


९ डिसेंबर, बुधवार

काय लिहू? भीती वाटते आहे की आनंद, ते माझं मलाच कळत नाही.

गोल झाला होता. सुरेख. मधे शिंपल्यांचा ढीग. गुणवंती मांडी घालून गोलातच. छडी कुठे दिसली नाही. आणि तिच्या डाव्या हाताला चिमा. आत! तेल लावून केस चापून बसवलेले, गुडघ्यावर दोन्ही हात, पाहुण्यासारखी बसलेली. पडवी रिकामी.

बाजूच्या खोलीतून हरिश्चंद्र मास्तर खुणा करत होते. त्यांच्याकडे गेले तर घाम पुसत म्हणाले, बाई, हे तुम्ही सांगितलंत म्हणते ती. परवा दाजी येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत, तेच वाईट.

दाजी म्हणजे गावातलं मोठं घर. त्यांच्या शब्दावाचून वाडीत पान हलत नाही. त्यांची नात काशी बिगरीतच आहे — माझा दात हलतो म्हणणारी ती हीच.

सुटल्यावर गुणवंतीला म्हटलं, अगं, मला विचारायचंस तरी. ती शांतपणे म्हणाली, "विचारलं होतं की. तुम्हीच म्हणालात, सगळ्यांना."

विचारलं होतं. खरंच. मीच ऐकलं नाही. मी 'सगळ्यांना' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे खोलीतली पोरं होती. तिच्या डोळ्यांपुढे पडवीसुद्धा होती.

आता सांगावं का तिला, की सध्या चिमाला परत बाहेर बसव, हळूहळू बघू? तरीत बसून याचाच विचार करत आले. एकदा आत येऊन बसलेल्या पोरीला उठ म्हणायचं. कोण म्हणणार? गुणवंती नाही म्हणायची. मग मी? माझ्या तोंडून शब्द निघेल का? नाही निघणार. तेव्हा झालं ते झालं.


१० डिसेंबर

सरकारी हुकूम आमच्या बाजूचा आहे. सगळ्या जातींची मुलं एकत्र बसवावीत असं छापील आहे. सगळ्या शाळांत तो कागद आहे आणि सगळ्या शाळांत पडवीही आहे.


१६ डिसेंबर, बुधवार

अर्धी बिगरी रिकामी.

दाजींनी काशीला घरी ठेवलं. त्यांचं बघून बाकीच्यांनी. उरली ती खालच्या बंदरावरची कोळ्यांची काही पोरं, गुणवंतीच्या सासूच्या ओळखीतली, आणि महारवाडीतून चिमा. गुणवंतीचं तोंड सुकलं होतं, पण गोल मोडला नव्हता. मोठ्या गोलाचा छोटा गोल झाला होता इतकंच.

मी तिला उपदेश केला नाही. चिमाच्या शेजारी जाऊन बसले आणि तासभर शिंपले मोजले. बरोबर मोजले की चिमा माझ्याकडे बघून मान हलवायची, मास्तरासारखी.

निघताना गुणवंती म्हणाली, बाई, माझं चुकलं असेल तर सांगा. म्हटलं, चुकलेलं नाही. अवघड आहे. अवघड आणि चूक, दोन्ही वेगवेगळं.

घरी वन्संना सगळं सांगितलं. त्या पोळी लाटत राहिल्या. आधी म्हणाल्या, पुढे पुढे करायची तुझी सवय कधी जायची? मग — "ती पोर जवळ आल्यावर रडलं नाही ना कुणी?" नाही म्हटलं. "मग मोठ्यांनाच काय झालंय रडायला," म्हणाल्या, आणि मला डोक्यावरून पाणी घ्यायला लावलंच.


२६ डिसेंबर

शहरात नाताळची सुट्टी. कातळवाडीची सुट्टी भातकापणीत होऊन गेली, त्यामुळे शाळा चालू आहे. मी रोज जाते आहे. गुणवंती म्हणते, बाई, तुमच्या सुट्टीची माती झाली. तिला काय सांगू, एवढी चांगली सुट्टी मला बऱ्याच वर्षांत मिळाली नाही.

मी तिथे असते एवढंच. शिकवते तीच. मधे तिचा धीर सुटला की माझ्याकडे बघते, आणि मी शिंपले मोजत असते. मी घाबरलेली नाही हे दिसलं की पुढे चालू लागते. (मी घाबरलेली असते. ते तिला दिसू देत नाही.)


२९ डिसेंबर

आज गडग्यावर डोकी दिसली!

आत होडी सुटली होती आणि बाहेरून कुणीतरी आकडे म्हणत होतं. खिडकीतून बघितलं तर गडग्यापलीकडे काशी, तिच्या बरोबरीची आणखी पोरं, गडग्यालाच होडी करून वल्ही मारत होती. घरच्यांनी शाळेत जायला बंदी केली होती. गडग्याला केली नव्हती.

मी हाक मारायला निघाले, तर गुणवंतीने माझा हात धरला. हाक मारली की पळतील, म्हणाली. मग पोरांना म्हणाली, आत उकडतंय, अंगणात बसू या. फणसाखाली गोल केला, गडग्यापासून बराच लांब. बाहेरच्यांकडे कुणी पाहिलंही नाही.


६ जानेवारी १९३२, बुधवार

गोल रोज थोडा थोडा गडग्याकडे सरकतो आहे. तिची ही युक्ती मला न सांगता चालली आहे, आणि मी न विचारता बघते आहे. आज गोलाची एक कड अगदी गडग्याला लागली. वरून काशी वाकून शिंपल्यांच्या राशी बघत होती. आतल्या पोराने चूक मोजलं तर वरून ओरडली, "आट नाय रे, नऊ!"

पोर घरी बसून विसरली नाही. उलट पुढे गेली आहे.


१५ जानेवारी, शुक्रवार

कालच्या संक्रांतीचा तिळगूळ घेऊन मुद्दाम गेले. वन्संनी स्वतः केलेला. "सगळ्यांना पुरेल एवढा केलाय," म्हणाल्या. सगळ्यांना! मी त्यांच्याकडे बघितलं, पण त्या डबा पुसत होत्या.

गुणवंतीने एकेकाला वाटला नाही. एकाने दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, असा गोलभर फिरवला. फिरत फिरत चिमापाशी आला. चिमाच्या पलीकडे गडगा. चिमाने वर पाहिलं. काशीने वरून हात पसरला होता.

चिमाने तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. काशीने तोंडात टाकला आणि दुसरा मागितला.

आणि त्याच वेळी वाटेवरून दाजी येत होते. त्यांनी सगळं बघितलं. नातीला गडग्यावरून उचललं, काखेत मारलं आणि चालू लागले. काशी त्यांच्या काखेतून आम्हाला हात हलवत होती.

गुणवंतीने तिळगुळाचा डबा बंद केला. म्हणाली, "आता संपलं, बाई." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.


२० जानेवारी, बुधवार

न हसता लिहायचं म्हणते, पण जमत नाही.

शुक्रवारी काशीला घरी नेऊन डोक्यावरून न्हाऊ घातली. शनिवारी ती पुन्हा गडग्यावर हजर, केस ओले. तिथून गोलात उतरली, चिमाच्या हाताला हात लागला, कुणीतरी घरी सांगितलं, पुन्हा न्हाणं. सोमवारी तेच. मंगळवारी पोरीला सपाटून सर्दी झाली. तेव्हा काशीची आई — सखू, दाजींची थोरली सून, जी कधी सासऱ्यापुढे तोंड वर करून बोलली नव्हती — तिने म्हणे चुलीपुढूनच सांगितलं: "मामंजी, पोर तिकडं गेल्याबिगर ऱ्हात नाय. आता न्हाऊ घातलीत तर तापाने फणफणल. मी घालनार नाय." न्हाणं बंद.

हे सगळं गुणवंतीच्या सासूने मासळीच्या टोपलीबरोबर वाडीभर पोचवलं आहे.

आज काशी दारातून आली, सर्दीने नाक लाल, हातात पाटी. तिच्यामागे दाजी. गोल बघून उंबऱ्यातच थांबले. वयस्क माणूस, अंगावर घोंगडी, आवाज भारी. गुणवंतीला म्हणाले, आलीच आहे तर बसव, पण त्या पोरीपासून लांब, शेवटाला बसव.

मला वाटलं, आता ही गडबडणार. मी पुढे व्हायला पाय उचलला होता. ती उठून उभी राहिली, पदर सावरला, आणि अगदी सासऱ्याशी बोलावं तशा अदबीने म्हणाली, "दाजी, गोलाला शेवट कुठचा?"

दाजींनी गोलावर नजर फिरवली. खरंच शोधत होते बिचारे. मग निघून गेले.

काशी तोवर चिमाला ढकलून तिच्या शेजारी बसलीसुद्धा होती.

घरी येऊन वन्संना सांगितलं. न्हाण्याची हकीकत ऐकून त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.


२७ जानेवारी, बुधवार

निम्म्याहून अधिक पोरं परतली. काहींच्या आया अजून तोंड फिरवून जातात.

आज वन्संनी पाणी तापवलं नव्हतं. मी तशीच पानावर बसले.


१७ फेब्रुवारी, बुधवार

दाजींनी वर अर्ज केला होता, म्हणून आज साहेब आले. आधी कळवून आले, हे बरं. हरिश्चंद्र मास्तरांनी सकाळपासून तीन शर्ट भिजवले असतील.

गुणवंतीने गेल्या बुधवारी मला विचारलं होतं, साहेबांपुढे रांगा करू का? मी म्हटलं, रोज करतेस तेच कर. तिने होडी सोडली. साहेब उभे, पोरं वल्हवताहेत. मला कुठे बघावं कळेना. एका पोराने साहेबांना सांगितलं, तुमी होडीत नाय, बुडाल. साहेब खुर्ची सोडून खाली बसले! मग शिंपल्यांच्या बेरजा घेतल्या, अक्षरं लिहून घेतली. चिमाला शेवटचं विचारलं. तिने स्वतःचं नाव पाटीवर लिहून दाखवलं आणि खाली, न सांगता, काशीचं.

साहेब माणूस वाईट नाही. थकलेला आहे. बाहेर आल्यावर मला म्हणाले, अशी बिगरी मी पाहिली नव्हती. हुकूमही तुमच्या बाजूचा आहे. पण बाई, अर्जावर गावातल्या मोठ्या घरांच्या सह्या आहेत, मला काहीतरी करावं लागेल.


९ एप्रिल, शनिवार

साहेबांनी काय केलं ते आज कळलं. गुणवंतीला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचं ठरलं आहे. जूनपासून.

यासाठीच मी साहेबांकडे दोनदा जाऊन विनवलं होतं. असली पोरगी शिकून आली तर बिगऱ्यांचं रूपच पालटेल. तेव्हा जागा नव्हती. आता निघाली! म्हणजे तिचा मान झाला, आणि ती गावातूनही हलली. दाजी खूश, साहेब मोकळे. तिच्या जागी एक मास्तर येणार आहेत, ट्रेनिंग झालेले, 'ट्रेंड', शिस्तीचे म्हणून नावाजलेले. परवा शाळा बघायला आले होते. हरिश्चंद्र मास्तर सांगत होते, दारात उभे राहून त्यांनी एवढंच विचारलं: ही पोर आत कशी?


१३ एप्रिल, बुधवार

गुणवंती जात नाही म्हणते.

शाळा सुटल्यावर फणसाखाली बसलो. मी सगळं सांगून पाहिलं. दोन वर्षांनी तू परत येशील, मग तुला कुणी हलवू शकणार नाही. तुझ्यासारख्या दहा जणींना तू शिकवशील. सासूची तयारी आहे. मग अडतं कुठे?

ती हाताने माती उकरत होती. मग म्हणाली, "मी तरीत बसले की चिमा पडवीत. मला पुण्याला बसून तेच दिसंल."

मी म्हटलं, तुझ्या जागचा माणूस मी बघते.

"नुसता ट्रेंड नको, बाई. खाली बसणारा पाहिजे."

बघते म्हटलं ना, मी म्हणाले. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं, खरं बोलते की समजूत काढते ते पारखायला. मग मान हलवली. जाईन म्हणाली.

कोण जाणार कातळवाडीच्या बिगरीवर? शहरातल्या माझ्या हाताखालच्या बायकांना एकीएकीला विचारलं. एकीने मुलं लहान आहेत म्हटलं, एकीने तर म्हटलं, बिगरी ही काय शिक्षा?


१८ एप्रिल

साहेबांकडे जाऊन आले. बोलणं झालं. "विचार करा, बाई," म्हणाले. दारापर्यंत आले आणि पुन्हा तेच म्हणाले. विचार करूनच गेले होते मी. घरी येऊन मात्र उगीचच कपाट आवरलं.


३० मे, सोमवार

गुणवंती आज गेली. मोटारीने कोल्हापूर, तिथून आगगाडी. सासू मोटारीपर्यंत आली होती. डोक्यावर टोपली नसताना तिला मी प्रथमच पाहिलं. बोंबील बांधून दिले होते. मी म्हटलं, पुण्याच्या बोर्डिंगात वास येईल गं. सासू म्हणाली, येऊ दे, घरची आठवन ऱ्हाईल.

काशीच्या आईने कोकमं पाठवली होती. चिमाच्या बापाने एक छोटी रोवळी विणून दिली, शिंपले ठेवायला. गुणवंती ती मांडीवरून खाली ठेवत नव्हती.

मोटार सुटायच्या आधी तिने मला विचारलं, माणूस ठरला का? म्हटलं, ठरला. एक बाई आहेत.

"रागीट नाहीत ना?"

"नाहीत. पण वय झालंय. गाता येत नाही. बिगरी कधी घेतलेली नाही. पोरांपुढे फजीत व्हायच्या."

"खाली बसतात?"

"बसतात."

"मग असू दे," गुणवंती म्हणाली. "बाकीचं पोरं शिकवतील."


१३ जून १९३२, सोमवार. मुक्काम कातळवाडी

मुलींची शाळा सोडली. आजपासून इथली बिगरी माझी.

सकाळी दारात उभी राहिले आणि पहिला शब्द काय बोलावा ते सुचेना. पोरं आपली आपण गोल करून बसली होती. चिमा आणि काशी यांच्यामधे थोडी जागा मोकळी होती. मला वाटलं, कुणी यायचं राहिलं आहे.

चिमा म्हणाली, "बाय, उभ्या कशाला? तुमचीच जागा हाय ती."